गाणे कोण भरतो?

नागपुरात गाणे नुसते ऐकले जात नसे, ते भरून घेतले जात असे. कोरी कॅसेट विकत घ्यायची, वहीच्या पानावर बारा-चौदा गाण्यांची यादी करायची, ती बर्डीवरच्या किंवा महालातल्या दुकानदाराच्या हाती द्यायची आणि दोन दिवसांनी ‘भरून झाली का?’ असे विचारायला जायचे, हा १९८० आणि १९९० च्या दशकांतला सर्रास चालणारा व्यवहार होता. पुढे कॅसेट गेली, पण क्रियापद टिकले. सीडी भरून घेतली गेली, एमपी थ्री प्लेअरमध्ये गाणी भरली गेली आणि मोबाइलच्या काळात दुरुस्तीच्या टपऱ्यांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. गेल्या आठ-दहा वर्षांत मात्र हे क्रियापद बोलण्यातून सरत चालले आहे. आता गाणे कोणी भरत नाही, ते ‘लावले’ जाते. ते कोठून येते आणि उद्या येईल की नाही, हे ऐकणाऱ्याच्या हाती उरलेले नाही.

खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांचा इतिहास बहुधा आकाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. यंत्र लहान होत गेले, गाणी वाढत गेली, आवाज स्वच्छ होत गेला आणि शेवटी सगळेच फोनमध्ये विरघळले, अशी ती सरळ चढण असते. त्या मोजमापात खोटे काही नाही. परंतु यंत्रात गाणे घालण्याचा अधिकार कोणाकडे होता, घातलेले गाणे काढून दुसऱ्याला देता येत होते की नाही, आणि कंपनीने पाठ फिरवल्यावरही ते वाजत राहत होते की नाही, हे तीन प्रश्न विचारले की चढण संपते आणि मध्येच माथा लागून पुढचा रस्ता उताराचा दिसू लागतो. हा माथा कोणत्याही महागड्या यंत्राने गाठलेला नाही. माझ्या मते तो नखाएवढ्या मेमरी कार्डाने आणि ते चालवणाऱ्या साध्या, बटणांच्या फोनने गाठला. तेथून खाली येताना जे हातचे गेले त्याचा विचार सार्वजनिक धोरण म्हणून व्हायला हवा, एवढाच या लेखाचा आग्रह आहे.

संगीत खिशात प्रथम शिरले ते ट्रान्झिस्टरच्या रूपाने. रीजन्सी टीआर-१ हा खिशात मावणारा रेडिओ अमेरिकेत १९५४ मध्ये आला. नागपूरचे आकाशवाणी केंद्र त्याआधीच, १९४८ मध्ये सुरू झालेले होते आणि १९५७ मध्ये विविध भारतीची भर पडली. ट्रान्झिस्टर पानठेल्यावर पोहोचला, शेताच्या बांधावर आणि सायकलच्या हँडलवर पोहोचला. पण काय वाजावे हे केंद्रावर ठरत असे, आणि आपली आवड कळवायची तर पोस्टकार्ड टाकून वाट पाहावी लागे.

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली कॅसेट मुळात संगीतासाठी नव्हतीच. बोललेले टिपून ठेवणे हा तिचा उपयोग कल्पिलेला होता. तिचे जनक लू ऑटेन्स यांनी यंत्राचा आकार ठरवण्यासाठी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला होता. फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि तिचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, स्टुडिओतली फीत सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असे, यावरून कॅसेटच्या आवाजाची पायरी कळते. ध्वनीच्या जाणकारांनी तिला नाके मुरडणे साहजिकच होते. पण कॅसेटच्या रचनेत एक गोष्ट अशी होती, जिचे महत्त्व आज अधिक जाणवते. तिच्या पाठीवर प्लास्टिकच्या दोन इवल्या पट्ट्या असत. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर नवे काही टिपता येत नसे, आणि मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली की पुन्हा टिपता येई. गाण्यांच्या विकतच्या कॅसेटी पट्ट्या मोडूनच येत. गाणी आवडली नाहीत तर चिकटपट्टी लावून त्याच कॅसेटवर घरातल्या बाळाचे बोबडे बोल उतरत. कुलूप होते, पण किल्ली ऐकणाऱ्याच्या घरात होती. शिवाय फिलिप्सने हा आराखडा इतर उत्पादकांना विनाशुल्क वापरू दिला, म्हणूनच कोणत्याही कंपनीची कॅसेट कोणत्याही कंपनीच्या यंत्रात जगभर चालली.

१ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये टीपीएस-एल२ हा पहिला वॉकमन ३३,००० येनांना विक्रीला ठेवला, त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. पेन्सिलीने फीत गुंडाळण्याची आठवण तर इतक्यांनी सांगितली आहे की आता पेन्सिलीलाच संकोच वाटावा. त्या यंत्राच्या जन्मातली विसंगती मात्र फारशी कोणी सांगत नाही. पत्रकारांसाठी बनवलेल्या प्रेसमन नावाच्या छोट्या टेपरेकॉर्डरमधून टिपण्याची सोय काढून टाकून, त्या जागी स्टीरिओ ऐकवणारी रचना बसवून वॉकमन तयार झाला. न टिपणारा टेपरेकॉर्डर कोण विकत घेईल, ही शंका तेव्हा बोलून दाखवली गेली होती, आणि ती चुकीची ठरली, असे आपण सहज म्हणतो. विक्रीच्या हिशेबात ती चुकीची ठरलीच. परंतु माणूस फक्त ऐकणारा आहे, बोलणारा आणि टिपणारा नाही, हे गृहीतक खिशातल्या यंत्रात तेथून शिरले. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत मंद होऊन दोघांना मायक्रोफोनमधून एकमेकांशी बोलता येत असे. एकट्याने ऐकणे बनवणाऱ्यांनाच उद्धटपणाचे वाटले होते, म्हणून ही सोय केलेली होती. लोकांना तसे काहीच वाटले नाही, हे दिसल्यावर ती पुढे गळून पडली. यंत्राचे वजन ३९० ग्रॅम होते, तर सोबतच्या हेडफोनचे अवघे ४५ ग्रॅमच्या आसपास. वॉकमनच्या यशाचे निम्मे श्रेय मी त्या हेडफोनला देतो, कारण तोवर हेडफोन म्हणजे डोक्यावर घेतलेले ओझेच होते.

वॉकमनला टिपता येत नव्हते, पण घरातल्या टू-इन-वनला, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या संचाला, येत होते, आणि भरणारा हात घरात असेपर्यंत बाहेर नेण्याचे यंत्र मुके असले तरी बिघडत नव्हते. आपल्याकडे वॉकमन हे एका कंपनीच्या वस्तूचे नाव राहिलेच नाही. कोणीही बनवलेले असो, कमरेला लावायचे यंत्र म्हणजे वॉकमन. कॅसेटने आपल्याकडे केलेली खरी उलथापालथ मात्र यंत्राच्या नव्हे, भरण्याच्या बाजूची आहे. ध्वनिमुद्रिका काढायला कारखाना लागत असे आणि तो मुख्यतः ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या एचएमव्हीच्या हाती होता. कॅसेटला असा कारखाना लागत नव्हता. १९८३ मध्ये गुलशन कुमार यांनी स्थापन केलेल्या टी-सीरिजने कॅसेट स्वस्त केली, ती खेड्यापाड्यांत नेली, आणि मोठ्या कंपनीने ज्यांच्याकडे कधी पाहिले नसते अशा गायकांनाही आपला आवाज विकता येऊ लागला. विदर्भात याचा अर्थ फार ठोस होता. खंजिरीवरची भजने, दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीच्या नाटकांतली पदे, भीमगीते, हे सगळे कॅसेटवर आले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटींची दुकाने लागत, आणि लांबून आलेली माणसे परतताना पुस्तक आणि कॅसेट दोन्ही पिशवीत घालून नेत. एका चळवळीचे गाणे मुंबईच्या कोणत्याही कचेरीची परवानगी न घेता घरोघर गेले, त्यामागे ही फीत होती.

सीडीच्या फिरत्या यंत्राबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सोनीने ते १९८४ मध्ये आणले, आवाज उत्तम होता, आणि बसला धक्का बसला की ते अडखळत असे; पुढे काही सेकंदांचे संगीत आधीच वाचून स्मृतीत ठेवण्याची युक्ती निघाली तोवर त्याचे दिवस भरत आले होते. सोनीची त्या काळातली दुसरी चाल अधिक बोलकी आहे. १९८८ मध्ये या कंपनीने अमेरिकेतली सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली आणि यंत्र विकणारी कंपनी गाणी विकणारीही झाली. एका घरात दोन धंदे आले की एकाला दुसऱ्याची भीती वाटू लागते. १९९२ च्या मिनिडिस्कमध्ये, म्हणजे सोनीच्या छोट्या, टिपता येणाऱ्या तबकडीत, डिजिटल प्रतीवरून पुन्हा डिजिटल प्रत काढता येऊ नये अशी मेख मारलेली होती. पुढे १९९९ पासून आलेल्या, फितीऐवजी स्मृतीवर चालणाऱ्या सोनीच्या वॉकमनांना २००४ पर्यंत एमपी थ्री फाइल थेट वाजवता येत नव्हती; ती आधी कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीत बदलून घ्यावी लागे. ज्या कंपनीने जगाला चालता चालता ऐकायला शिकवले तिनेच भरणाऱ्याचा हात धरला, आणि बाजार तिच्या हातून निसटला.

एमपी थ्री ही एखाद्या यंत्राची गोष्ट नाही, ती आपल्या कानाच्या उणिवेची गोष्ट आहे. मारबतीच्या मिरवणुकीत डफडी वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. ती कुजबुज नोंदवून ठेवण्याचे कारणच काय, असा विचार जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतले कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी करत होते. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन वाहिन्यांवर, १६ बिटांत नोंद होते, म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. मोठ्या आवाजाच्या सावलीत दबणारे सूक्ष्म ध्वनी वगळून ही नोंद १२८ किलोबिटांत, म्हणजे अकराव्या हिश्श्यात बसवता आली. चार मिनिटांचे गाणे ४२ मेगाबाइटांऐवजी चारच्या आत मावू लागले. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी यावर आक्षेप घेतले आणि तानपुऱ्याच्या बाबतीत ते मला मान्यही आहेत. पण ही फाइल कोणत्याही संगणकावरून कोणत्याही यंत्रात जात होती, आणि २०१७ मध्ये फ्राउनहोफरने तिचा परवाना कार्यक्रमच संपवल्यामुळे आता तिच्यासाठी कोणाला काही द्यावेही लागत नाही.

दक्षिण कोरियात १९९८ मध्ये आलेल्या एमपीमॅन या पहिल्या अशा प्लेअरची स्मृती ३२ मेगाबाइट होती. त्यात आठेक गाणी बसत. त्याच वर्षी अमेरिकेत रिओ पीएमपी३०० आला आणि तेथल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने त्याच्यावर खटला भरला. १९९९ मध्ये निकाल यंत्राच्या बाजूने लागला. आपल्याजवळचे गाणे आपल्याच दुसऱ्या यंत्रात नेणे हा खासगी वापर आहे, हे त्यात मान्य झाले, आणि पुढचे सगळे प्लेअर त्या निकालाच्या छायेत वाढले. २३ ऑक्टोबर २००१ रोजी आलेला आयपॉडही त्यातलाच. पाच गिगाबाइटांची तबकडी, हजार गाणी, ३९९ डॉलर किंमत आणि अंगठ्याने फिरवायचे चाक, यांमुळे तो देखणा होता यात वाद नाही. परंतु त्याचे दार एकाच दिशेने उघडत असे. संगणकातून गाणी आत जात, पण आतली गाणी मित्राच्या संगणकात उतरवण्याची सरळ सोय ठेवलेली नव्हती. शिवाय त्याची बॅटरी घरी बदलता येत नव्हती, यावरून अमेरिकेत २००३ मध्ये गाजावाजा झाला आणि पुढे ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात तडजोड झाली. मे २०२२ मध्ये अ‍ॅपलने आयपॉडची मालिका संपवली तेव्हा हळहळ व्यक्त झाली. मला त्या हळहळीत फारसे सामील होता आले नाही.

कारण नागपुरात त्या काळी आमच्या हाती आले ते वेगळेच यंत्र होते. बर्डीवरच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत मिळणारा, चीनमध्ये बनलेला, पेनड्राइव्हच्या आकाराचा प्लेअर. त्याला बारीक सेल लागत असे, एफएम असे, आवाज टिपण्याचे बटण असे, आणि टोपण काढले की तो थेट संगणकात खोचता येई. त्याला स्वतःचे सॉफ्टवेअर नव्हते, नाव असले तरी कोणाच्या लक्षात राहत नव्हते, आणि तो वर्षभर टिकला तरी पुष्कळ. पण वॉकमनने काढून टाकलेले टिपण्याचे बटण या निनावी यंत्राने गुपचूप परत आणले होते. त्यानंतर बटणांचे फोन आले आणि कार्ड आले. ३२ गिगाबाइटांचे कार्ड म्हणजे पहिल्या एमपीमॅनच्या बरोबर हजारपट. त्यात आठ हजारांच्या आसपास गाणी मावतात. इंटरनेट लागत नाही, खाते लागत नाही, फोन बिघडला तर कार्ड काढून दुसऱ्यात घालता येते. गडचिरोलीच्या आतल्या भागात किंवा मेळघाटात, जेथे नेटवर्क येते-जाते, तेथेही ते अडत नाही. कॉटन मार्केटच्या भाजीवाल्याचा छोटा स्पीकर, खासगी बसच्या चालकाचा पेनड्राइव्ह, धानाच्या बांधीवर लटकवलेला फोन, या सगळ्यांचे संगीत आजही अशाच चिमुकल्या साठ्यातून येते. सुरुवातीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ऐकणाऱ्याच्या बाजूने देणारे यंत्र हेच.

यावर पहिला आक्षेप चोरीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कार्ड भरून देणाऱ्या टपरीवाल्याने गायकाला एक पैसाही दिला नाही. ज्या कॅसेटींनी विदर्भातल्या लहान गायकांना उभे केले त्यांचा धंदा याच भरण्याने बुडवला. कार्यक्रमानंतर स्वतःच्या कॅसेटी विकणाऱ्या गायकाला श्रोताच सांगू लागला की, ‘हे तर माझ्या कार्डात आहे.’ मी स्वतः असे कार्ड भरून घेतलेले आहे आणि तेव्हा मला त्यात वावगे वाटले नव्हते, हेही येथे सांगून टाकतो. परंतु या चुकीवर दोन उपाय शक्य होते. एक म्हणजे फाइल वाजवी दरात उघडपणे विकणे, म्हणजे टपरीवालाच अधिकृत विक्रेता झाला असता. दुसरा म्हणजे फाइल देणेच बंद करणे. उद्योगाने दुसरा निवडला आणि त्याला आपण प्रगती म्हणू लागलो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा इतका स्वस्त झाला की गाणे साठवण्याची गरजच उरली नाही असे वाटू लागले. एका बोटावर कोट्यवधी गाणी, तीही जवळजवळ फुकट, ही सोय नाकारण्यात अर्थ नाही, आणि मेट्रोत खापरीपासून सीताबर्डीपर्यंत येताना मीही ती वापरतो. मात्र तिच्या अटी नीट वाचाव्या लागतात. यूट्यूबवर पैसे न भरता ऐकणाऱ्याने फोनचा पडदा बंद केला की गाणे थांबते. म्हणजे यंत्र खिशात ठेवून ऐकणे, जे १९५४ च्या ट्रान्झिस्टरलाही जमत होते, ते तेथे पैसे भरणाऱ्यालाच मिळते. अ‍ॅपांमध्ये ‘डाउनलोड’ असे लिहिलेले बटण असते, पण त्याने उतरलेले गाणे त्या अ‍ॅपच्या बाहेर वाजत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, आणि वर्गणी थांबली की मुके होते. स्पॉटिफायवर तर असे गाणे टिकवण्यासाठी ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावेच लागते. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले, विंक २०२४ मध्ये; ज्यांनी तेथे वर्षानुवर्षे याद्या जमवल्या त्यांना नवे घर शोधावे लागले. कॅसेटची कंपनी बुडाली म्हणून कोणाच्या कपाटातली कॅसेट वाजायची थांबली नव्हती.

फोनने एक काम चांगले केले, ते नोंदवायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानता येते, आणि आता अनेक फोन आपण किती मोठ्याने, किती वेळ ऐकले याचा हिशेब ठेवतात. वॉकमनच्या पिढीला असा हिशेब कोणतेही यंत्र देत नव्हते. आमच्यातल्या काहींना आता एका कानाने कमी ऐकू येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यूट्यूबमुळे झाडीपट्टीची नाटके, गोंडी गाणी, गावातली भजने जगाला ऐकू येऊ लागली, ती पूर्वी जिल्ह्याबाहेर गेलीच नसती, असे म्हटले जाते आणि ते खरे आहे. पण ऐकू येणे आणि राहणे यांत फरक आहे. एखादे खाते बंद पडले, एखाद्या मोठ्या कंपनीने चालीवर दावा सांगितला, किंवा चालवणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि खात्याचा संकेतशब्द विसरला, की ते गाणे एका क्षणात सगळीकडून जाते, कारण त्याची दुसरी प्रत कोणाकडेच नसते. कॅसेटच्या हजार प्रती हजार घरांत होत्या. त्यांतल्या नऊशे फेकल्या गेल्या तरी शंभर कोठेतरी माळ्यावर आहेत. आपल्या लोकसंगीताचे संग्रहालय आजवर कोणी उभारले असेल तर ते या विस्कळीत, धुळीने माखलेल्या माळ्यांनी, आणि तेही कोणी सांगितल्याशिवाय.

म्हणून प्रश्न जुन्या यंत्रांच्या प्रेमाचा नाही. जुनी यंत्रे परत येणार नाहीत आणि त्यांनी यावे असेही मला वाटत नाही. सोनीने जपानसाठीचा कॅसेट वॉकमन २०१० मध्ये थांबवला तो योग्यच होता. सरकार, विद्यापीठ आणि विक्रेते यांच्याकडून अपेक्षा आहेत त्या अगदी साध्या आहेत. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या डिजिटल क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. गाणे हाती पडत नसताना बटणावर ‘डाउनलोड’ लिहिणे, हे त्या तत्त्वांच्या अर्थात बसवून त्या जागी ‘तात्पुरते साठवा’ असे लिहायला लावणे फार अवघड नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना देत असताना तसे स्पष्ट न सांगता ‘खरेदी करा’ असा शब्द वापरण्याला मनाई केली आहे. आपल्याला निदान तेवढे करता यावे. कायद्यातली दुसरी विसंगतीही दूर व्हायला हवी. आपल्या प्रताधिकार कायद्याने २०१२ च्या दुरुस्तीनंतर खासगी किंवा वैयक्तिक वापराला उचित व्यवहार म्हणून मोकळीक दिली आहे, पण ती मोकळीक वापरण्याजोगी फाइल ग्राहकाला मिळालीच पाहिजे असे कायदा कोठेही म्हणत नाही. त्याच दुरुस्तीतले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा ठरवते, आणि ते ठीकच आहे. फक्त कुलूप लावणाऱ्यावरही काही जबाबदारी असावी.

दुसरी अपेक्षा नागपूरपुरती आहे. आपल्या विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, ज्यांनी खंजिरीवर भजने म्हणत गावेच्या गावे जागी केली. त्या विद्यापीठाने विदर्भातल्या घरोघरच्या कॅसेटी गोळा करून त्यांच्या खुल्या, कुलूप नसलेल्या फाइली कराव्यात, गायक किंवा त्यांचे वारस हयात असतील तर त्यांची परवानगी आणि मोबदला ठरवावा, आणि नागरिकाने कार्ड घेऊन यावे व भरून न्यावे, अशी एक खिडकी ग्रंथालयात उघडावी. घाई करायला कारण आहे. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. मे महिन्यात ४५ अंशांवर तापणाऱ्या पत्र्याखालच्या माळ्यावर तर नाहीच. फीत चांगली असली तरी ती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. इतवारीत आमच्या ओळखीचे एक दुरुस्तीवाले होते, त्यांच्याकडे यंत्राचे रबरी पट्टे बदलून मिळत. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात.

खेड्यांतून आणि बाजारांतून अजूनही विकल्या जाणाऱ्या कार्डाच्या स्पीकरांकडे गरिबांची पर्यायी सोय म्हणून पाहण्याची सवयही सोडायला हवी. सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये ५,००० गाणी आधीच भरलेला कारवां हा प्लेअर बाजारात आणला आणि सुस्थित घरांतल्या आजी-आजोबांनी तो आनंदाने घेतला, कारण त्याला इंटरनेट लागत नव्हते आणि बटण दाबले की गाणे लागत होते. मागणी आहे, हे त्यातून दिसले. फरक इतकाच की त्या ५,००० गाण्यांची निवड कंपनीची होती, आणि भाजीवाल्याच्या कार्डातली निवड भाजीवाल्याची असते. महाग होत चाललेल्या फोनांमधून कार्डाची खाच नाहीशी होत आहे. सार्वजनिक पैशातून विद्यार्थ्यांसाठी किंवा कर्मचाऱ्यांसाठी जी उपकरणे घेतली जातात त्यांच्या निविदेत ही खाच आणि खुल्या फाइली वाजवण्याची सोय आवश्यक ठरवली, तर तिचे आयुष्य काही वर्षांनी वाढेल.

हा लेख लिहिताना मी टेबलाच्या खणातून मोदी नंबरच्या गल्लीत घेतलेला तो पेनड्राइव्हएवढा प्लेअर काढला. त्याच्या पडद्याचा अर्धा भाग गेलेला आहे, पण नवा सेल घातल्यावर तो सुरू झाला. त्यात एक फाइल आहे, जिला यंत्रानेच दिलेला एक क्रमांक सोडला तर नाव नाही. भंडाऱ्याकडच्या एका गावात मामांच्या अंगणात रात्री चाललेल्या भजनाची ती नोंद आहे. खंजिरी जवळ आहे, गाणारे लांब आहेत, आणि मध्येच कोणीतरी चहा आणायला सांगते. मामा आता नाहीत. प्लेअर संगणकात खोचला, ती फाइल उतरवून घेतली आणि तिच्या दोन प्रती करून एक मामेभावाला पाठवली.